स्क्रेपरला धार कशी लावावी?



आपल्या बीदरची बिदरी सर्वांना ठाऊक आहे. जस्त व थोडे तांबे यांच्या मिश्रणातून ओतलेले भांडे, त्यात ठोकून बसवलेली चांदीची नक्षी आणि किल्ल्यातील मातीने चढलेला काळा रंग, हे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. २००६ साली या कलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०२३ साली बीदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली, हेही सांगतो. एक गोष्ट मात्र सांगायची राहून जाते. साच्यातून निघालेले भांडे खडबडीत असते. नक्षीच्या आधी कारागीर त्यावर कानस चालवतो, ते खरवडतो आणि पॉलिश पेपरने घासतो. पृष्ठभाग नीट नसेल तर पुढची रेघ नीट उमटत नाही.

सुतारकामातही हाच नियम आहे. लाकूड खरवडून गुळगुळीत करणाऱ्या साधनाला स्क्रेपर म्हणतात. दिसायला ती नुसती पोलादी पट्टी असते. सुमारे ६ इंच लांब, अडीच इंच रुंद आणि जेमतेम पाऊण-एक मिलिमीटर जाड. तिला मूठ नाही, दांडा नाही. म्हणूनच पुष्कळ जण ती एकदा वापरून पाहतात आणि "ही कापत नाही" म्हणून बाजूला टाकतात. दोष पट्टीचा नसतो, धार लावण्याचा असतो.

चाकूची धार आपण घासून पातळ करतो. स्क्रेपरचे तसे नाही. त्याची कोर प्रथम अगदी काटकोनात करायची आणि मग तीच कोर दाबून बाजूला वळवायची. वळलेल्या कोरेचा डोळ्यांना जेमतेम दिसणारा आकडा तयार होतो. लाकूड तोच कापतो.

कृती अशी आहे :

१. पट्टी शिकंजात उभी घट्ट धरा. सपाट कानस कोरेच्या लांबीने चालवा. कानस डावी-उजवीकडे कलू देऊ नका. जुनी धार पूर्ण निघून कोर चौकोनी झाली पाहिजे.

२. कानशीचे ओरखडे तेलाच्या दगडावर घासून काढा. आधी कोर, मग दोन्ही सपाट बाजू. ओरखडे राहिले तर ते पुढे लाकडावर उमटतात.

३. पट्टी टेबलाच्या काठावर आडवी ठेवा. पट्टीपेक्षा कडक अशी गुळगुळीत पोलादी सळई घ्या, तिला तेलाचा एक थेंब लावा आणि कोरेलगत सपाट दाबून चार-पाच वेळा फिरवा.

४. पट्टी पुन्हा शिकंजात उभी धरा. सळई कोरेवर आधी सरळ फिरवा, नंतर ५ ते १० अंश झुकवून दोन-तीन वेळा ओढा. फार जोर नको. जास्त झुकवल्यास आकडा अति वळतो आणि लाकडाला लागतच नाही.

धार लागली की नाही हे पाहण्यासाठी बोट कोरेच्या लांबीने कधीही फिरवू नये. पट्टीच्या मधून कोरेकडे, म्हणजे आडवे, अलगद न्यावे. किंचित अडकल्यासारखे वाटले की धार आली.

वापरताना पट्टी दोन्ही हातांनी धरावी, अंगठे मागे मधोमध ठेवून तिला थोडा बाक द्यावा आणि पुढे झुकवून लाकडाच्या रेषांच्या दिशेने ढकलावी. कांद्याच्या सालीसारखी पातळ ढलपी निघाली तर सर्व ठीक आहे. नुसता भुसा पडू लागला तर धार गेली असे समजावे. अशा वेळी सळई पुन्हा फिरवली की काम चालते. काही वेळांनंतर मात्र कानशीपासून आरंभ करावा लागतो. एकाच जागी खरवडत राहू नये, तेथे खळगा पडतो. पट्टी घर्षणाने तापते, म्हणून मधूनमधून हात थांबवावा.

सागवान व शिसव यांसारख्या टणक लाकडावर स्क्रेपर उत्तम चालतो. रेषा उलटसुलट असल्या की रंधा लाकूड उपटतो, तेथे स्क्रेपर उपयोगी पडतो. मऊ लाकडावर तो तितका चालत नाही. काही ठिकाणी याच कामाला फुटकी काच वापरतात. ती कापते, परंतु लवकर बोथट होते, तिला पुन्हा धार येत नाही आणि हातही कापतो. मुलांच्या हाती ती देऊ नये.

आता पालकांसाठी. पॉलिश पेपरने लाकडाची बारीक धूळ उडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीचा समावेश माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केला. एका दिवसाच्या कामाने घाबरण्याचे कारण नाही; धोका वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्यांना आहे. स्क्रेपरने बहुतांशी ढलप्या निघतात, धूळ कमी उडते. पॉलिश पेपर अगदी शेवटी थोडासाच लागतो. जुन्या वाड्यांचे रंगवलेले दरवाजे मात्र मुलांना खरवडू देऊ नका. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर दहा लाखांत ९० भागांची मर्यादा घालणारे नियम २०१६ साली झाले. दारांवरचे थर त्याहून पुष्कळ जुने असतात.

विश्वस्त मंडळींना खर्चाची चिंता नसावी. जुन्या हातकरवतीच्या पात्यातून चांगला स्क्रेपर निघतो. फक्त कापताना पाते तापून निळे पडू देऊ नये, नाहीतर पोलादाचा कडकपणा जातो.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे असे सुचवले आहे आणि त्यात सुताराचे नाव स्पष्ट घेतले आहे. भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद या भागांत असे जाणते हात आहेत. धार लावणे पुस्तकातून समजते, परंतु सळईवर जोर किती द्यावा हे त्यांच्या शेजारी उभे राहूनच कळते. पालकांनी आपल्या ओळखीच्या सुतारांना शाळेत घेऊन यावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. त्यांना योग्य मानधन व गुरुजनांचा मान देणे ही आपणा सर्वांची जबाबदारी राहील.