हिंजवडीत घडलेला दुभाष्या

चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मोटारीत अनेक चिमुकले संगणक असतात. त्यांना ‘सी’ भाषा कळत नाही. कळतात ते फक्त शून्य आणि एक. मधला दुभाष्या म्हणजे कंपायलर. तोही एक प्रोग्रॅमच!

‘जीसीसी’ हा कंपायलर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये सर्वांसाठी खुला केला. त्याचा पुढचा भाग ‘सी’ वाचतो. मागचा भाग चिपला कळणाऱ्या आज्ञा लिहितो. चिप बदलली की मागचा भाग नवा. ‘सीआर-१६’ या १६ बिटांच्या चिपसाठी तो लिहिला केपीआयटी कमिन्स या कंपनीने. तिचे कार्यालय पिंपरी-चिंचवडशेजारी, हिंजवडीत. तो २०१२ च्या सुमारास जीसीसीत दाखल झाला.

मग काम संपले? छे! जीसीसीची नवी आवृत्ती दरवर्षी निघते. पुढे काही बदलले, की मागे प्रत्येक चिपचे सांधे पुन्हा जुळवायचे आणि हजारो चाचण्या घ्यायच्या. (यंत्राला तेल घालणे त्यापेक्षा पुष्कळ सोपे!) ज्या भागाची निगा कोणी राखत नाही, तो शेवटी काढून टाकतात. ‘सीआर-१६’चा भाग २०२२ च्या आवृत्तीत कालबाह्य ठरला, पुढच्या आवृत्तीत वगळला गेला. जुन्या आवृत्त्या मात्र आजही मिळतात. त्यातल्या फायलींच्या माथ्यावर त्या कंपनीचे नाव तुम्हाला वाचता येईल.