बाळ रडलंच नाही तर? पहिल्या मिनिटाची गोष्ट

ऐकायचं राहून गेलं असेल, त्यांच्यासाठी या भागाचं हे शब्दांकन.

आपल्या बीड जिल्ह्यातलं, केदारेश्वराच्या देवळासाठी ओळखलं जाणारं धर्मापुरी घ्या. इथून अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात जायचं तर गाडी कितीही पळवा, वेळ लागतोच. जन्मून न रडलेल्या बाळाकडे तेवढा वेळ नसतो. त्याच्यासाठी पहिलं मिनिट महत्त्वाचं. डॉक्टर त्याला ‘गोल्डन मिनिट’ म्हणतात.

होतं काय, तर पोटात बाळाच्या फुप्फुसांत पाणी असतं आणि ऑक्सिजन मिळतो नाळेतून. जन्मल्यावर श्वास घेतला की पाणी सरतं, हवा भरते. १०० पैकी साधारण ८५ बाळं हे आपलं आपणच करतात. दहाएक बाळं कोरड्या, उबदार कापडाने पुसून पाठ चोळली की श्वास घेतात. उरलेल्या पाचेक बाळांना बाहेरून हवा द्यावी लागते.

त्यासाठी असते अंबू बॅग, म्हणजे मास्क लावलेली, हाताने दाबायची पिशवी. मान किंचित मागे, मास्क नाकातोंडावर घट्ट, आणि मिनिटाला ४० ते ६० वेळा हलका दाब. छाती वर उचलली जातेय ना, हे बघायचं. ठोके वाढले की समजायचं, जमलं! वीज लागत नाही, आणि पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवातीला साधी हवाच पुरते.

हे फक्त डॉक्टरांनाच जमतं? नाही. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ने १९९० च्या दशकात ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. श्वास देणं, ऊब, जंतुसंसर्गावर औषध, सगळं घरोघरी. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होते. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापलं. पुढे २००९ मध्ये सरकारनेही दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांना हे शिकवायला ‘नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम’ सुरू केला.

मग आपण काय करायचं? घरात कुणी गरोदर असेल तर बाळंतपण दवाखान्यातच करा. तारखेच्या आधीच जाऊन दोन प्रश्न विचारा: बाळाची बॅग आणि मास्क तयार असतो का? ती वापरायला शिकलेल्या सिस्टर रात्रीही असतात का?

आणि वाटेतच बाळ झालं, तर १०८ ला फोन लावा, बाळाला पुसा, उबदार ठेवा, पाठ चोळा. उलटं धरून चापट्या मारणं, गार पाणी शिंपडणं अजिबात नको. घरातल्या आजीलाही हे सांगून ठेवा.