शाब्दिक उदाहरणे : आकडेमोडीच्या आधीचे गणित

प्राथमिक शाळेच्या गणिताच्या पुस्तकात जवळजवळ प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस शाब्दिक उदाहरणे येतात आणि तेथेच अनेक मुलांची गाडी अडते. ५२ मधून २७ वजा करताना दशक सुटा करून अचूक उत्तर काढणारे मूल, 'टोपलीत ५२ लिंबे होती, त्यांपैकी २७ विकली गेली' असे वाचताच 'बाई, बेरीज करू की वजाबाकी?' असे विचारते. या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांनी देऊन टाकले की उदाहरण सुटते. परंतु त्यात गणिताचा जो भाग होता तो शिक्षकांनीच केलेला असतो. मुलाच्या वाट्याला उरते ती केवळ आकडेमोड.

या अडचणीचे स्वरूप नीट समजून घेण्याची आज विशेष गरज आहे. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी 'निपुण भारत' अभियान सुरू केले, तेव्हा इयत्ता तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलास पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान प्राप्त व्हावे आणि हे २०२६-२७ पर्यंत साध्य व्हावे, असे उद्दिष्ट ठरविण्यात आले. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीनुसार २०२४ मध्ये ग्रामीण भारतातील तिसरीच्या ३३.७ टक्के मुलांना दोन अंकी वजाबाकी करता येत होती, तर पाचवीच्या ३०.७ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येत होते. २०२२ च्या तुलनेत या दोन्ही आकड्यांत सुधारणा आहे. मात्र शाब्दिक उदाहरणांच्या दृष्टीने याच पाहणीतील तिसरा आकडा अधिक बोलका आहे : पाचवीतील ४८.८ टक्के मुलेच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. उरलेल्या निम्म्याहून अधिक मुलांची परीक्षा गणितापर्यंत पोहोचण्यापूर्वी वाचनातच संपते. म्हणून अशा वर्गात शिक्षकांनी उदाहरण मोठ्याने, सावकाश, दोनदा वाचून दाखविणे ही सवलत मानू नये. मुलाला गणित येते की नाही हे कळण्याचा तो एकमेव मार्ग असतो. जेथे घरची भाषा गोंडी, कोरकू, भिली वा संथाळी आहे, तेथे उदाहरण त्या भाषेत सांगून पाहावे. शक्यतो किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे, या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील शिफारशीचा अर्थ गणिताच्या तासालाही लागू आहे.

बाजारातील हिशेब आणि पाटीवरील हिशेब

मुलांना प्रत्यक्ष व्यवहारातील हिशेब कळत नाही, असे मात्र नाही. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, फळे विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गाड्यावर गिऱ्हाइकाने विचारलेल्या हिशेबांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक या मुलांनी बरोबर सांगितले. तसेच हिशेब शाब्दिक उदाहरणांच्या रूपाने घातले, तेव्हा सुमारे ७४ टक्के उत्तरे बरोबर आली. केवळ आकडे मांडून दिले, तेव्हा ३७ टक्केच. शब्दांमुळे गणित अवघड होते, या सर्वसाधारण समजुतीच्या नेमका उलट हा निष्कर्ष आहे. परिचित प्रसंग मुलाला आधार देतो.

कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात मांडला. ही मुले वजन, भाव आणि सुटे पैसे यांचा गुंतागुंतीचा हिशेब तोंडी करीत होती. पण शाळेच्या पद्धतीची साधी उदाहरणे त्यांना अवघड गेली. याउलट, बाजारात काम न करणारी शाळकरी मुले कागदावर बरी ठरली आणि बाजारी हिशेबात मागे पडली. दोन्हीकडे ज्ञान आहे, मधला पूल नाही. शाब्दिक उदाहरण हाच तो पूल. आणि दुर्दैवाने तोच प्रकरणाच्या शेवटी, तास संपता संपता, घाईने उरकला जातो.

शब्द पकडण्याची सवय

ही घाई भागविण्यासाठी एक सोपी युक्ती सर्वत्र रूढ झाली आहे. 'एकूण' म्हणजे बेरीज, 'उरले' म्हणजे वजाबाकी, 'प्रत्येकी' म्हणजे भागाकार, असे तक्ते वर्गाच्या भिंतीवर लावले जातात. चार दिवस युक्ती चालतेही. नंतर असे उदाहरण येते : 'दोन टोपल्यांत एकूण ४५ संत्री आहेत. पहिल्या टोपलीत १८ आहेत, तर दुसऱ्या टोपलीत किती?' तक्ता पाठ असलेले मूल ६३ हे उत्तर लिहून मोकळे होते. संत्री मुळात ४५ च असताना एका टोपलीत ६३ कशी, हा प्रश्न त्याला पडत नाही, कारण टोपली त्याने डोळ्यांसमोर आणलेलीच नसते.

ही केवळ आपल्याकडची व्यथा नाही. फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे ९७ प्राथमिक विद्यार्थ्यांना विचारण्यात आले होते : जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांवर काही ना काही क्रिया करून वय सांगितले. मुले निर्बुद्ध नव्हती. आकडे दिले की त्यांचे काहीतरी करायचे असते, ही शाळेची रीत त्यांनी मनापासून आत्मसात केली होती.

तुलनेच्या उदाहरणांत भाषेचा सापळा अधिक सूक्ष्म असतो. 'राजूकडे ८ आंबे आहेत. ते मीनाकडील आंब्यांपेक्षा ३ ने जास्त आहेत. मीनाकडे किती?' येथे 'जास्त' हा शब्द आहे आणि करायची आहे वजाबाकी. शिवाय '३ ने जास्त' ही पुस्तकी रचना घरी सहसा कानावर पडत नाही. याबाबत हडसन यांचा १९८३ मधील प्रयोग मार्गदर्शक आहे. काही पक्षी व काही अळ्यांचे चित्र दाखवून 'अळ्यांपेक्षा पक्षी किती जास्त?' असे विचारले, तेव्हा पहिलीच्या ६४ टक्के मुलांना उत्तर आले. 'प्रत्येक पक्षी एक अळी घेऊ लागला, तर किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही?' असे विचारताच सर्वच मुलांनी बरोबर उत्तर दिले. गणित तेच होते. प्रश्नात काय घडते आहे ते दुसऱ्या खेपेस दिसू लागले.

प्रसंग उभा करणे

तेव्हा मदतीचा आरंभ उत्तरापासून न करता प्रसंगापासून करावा लागतो. 'काय करायचे?' याऐवजी 'काय झाले, ते तुझ्या शब्दांत सांग' असे विचारणे ही पहिली पायरी. आकडे गाळून सांगितलेले उदाहरण येथे फार उपयोगी पडते : 'काकूंनी बाजारातून काही अंडी आणली. वाटेत काही फुटली.' आता काय काय विचारता येईल? आकडेच नसल्यामुळे मुलाला घाईने बेरीज करता येत नाही. त्याला गोष्टीकडे पाहावेच लागते. अंडी आणली त्यापेक्षा जास्त फुटू शकतील का, असे कोणी विचारले की वर्ग हसतो, आणि उत्तराचा अंदाज बांधण्याचा तोच प्रारंभ असतो. आकडे नंतर घालावेत.

दुसरी पायरी चित्राची. चित्र सुबक असण्याची गरज नाही. राजूची ८ घरांची पट्टी काढावी. ती मीनाच्या पट्टीपेक्षा ३ घरे लांब आहे, हे पाहून तिच्याखाली मीनाची आखूड पट्टी काढावी; 'जास्त' या शब्दाची दिशाभूल तेथेच संपते. सिंगापूरने १९८० च्या दशकापासून अशा पट्ट्यांच्या आकृत्या प्राथमिक गणितात रुळविल्या. आपल्याकडे खडू, चिंचोके आणि काड्या यांनी तेच काम होते.

मुलाची स्वतःची रीत मात्र खोडून काढू नये. 'वही ३० रुपयांची आहे, यमुनेकडे १२ रुपये आहेत, तिला आणखी किती हवेत?' या प्रश्नास मूल बहुधा १२ च्या पुढे मोजत जाते : आठ झाले वीस, आणखी दहा झाले तीस, अठरा. मोठी माणसे येथे हटकून उभी वजाबाकी मांडायला लावतात. दुकानदार सुटे पैसे परत देताना पुढेच मोजत जातो, याचा त्यांना विसर पडतो. मुलाची रीत ऐकून घ्यावी, फळ्यावर लिहावी आणि मग तिच्याशेजारी वजाबाकी मांडावी.

उत्तर आल्यावर पुन्हा प्रसंगाकडे वळणे ही पायरी सर्वाधिक दुर्लक्षित आहे. २० ला ६ ने भागले की ३ भागाकार आणि २ बाकी. पण २० माणसांना नदीपार न्यायचे आहे आणि होडीत ६ जण बसतात, तर होडीच्या ४ खेपा लागतील. ३ म्हटले तर दोघे काठावरच राहतील. २० रुपयांत ६ रुपयांच्या पेन्सिली घ्यायच्या, तर ३ च मिळतील. आणि २० भाकरी ६ जणांत सारख्या वाटायच्या असतील, तर उरलेल्या दोन भाकरींचे तुकडे करून प्रत्येकाला ३ पूर्णांक एक तृतीयांश भाकरी देता येईल. भागाकार एक, उत्तरे तीन. वहीत 'भागाकार ३, बाकी २' एवढेच लिहून पूर्ण गुण मिळत असतील, तर मूल होडीचा विचार कशासाठी करील?

एवढा वेळ कोठून आणायचा, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. विशेषतः एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसणाऱ्या शाळांत. तेथे दहा उदाहरणांऐवजी एकच घेऊन त्यावर सबंध तास घालविणे सोयीचे ठरते. लिंबांच्या टोपलीची गोष्ट सर्वांना एकच सांगावी. पहिलीच्या मुलांनी १२ लिंबे प्रत्यक्ष मांडून त्यांतील ५ बाजूला काढावीत, तिसरीने ५२ व २७ घेऊन पट्टी काढावी, पाचवीने डझनाचा भाव घालून नफा-तोट्याचा प्रश्न स्वतः तयार करावा आणि तो शेजारच्या मुलाला सोडवायला द्यावा. मुलांनी रचलेल्या प्रश्नांत पुष्कळदा एखादी माहिती राहून जाते. ती कोणती, हे सोडविणाऱ्याने शोधून सांगावे.