बी. एस्सी. ला कोणता विषय घ्यावा? करकंबच्या शिवारातून एक विचार

बारावी विज्ञान शाखेचा निकाल लागतो, नीटचे गुण मनासारखे आलेले नसतात आणि मग आपल्या अनेक घरांतून एक ठरलेले वाक्य ऐकू येते, "आता बी. एस्सी. कर." सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. परंतु कशात बी. एस्सी. करायचे, हा पुढचा प्रश्न सहसा प्रवेशाच्या खिडकीपाशी उभे राहिल्यावरच सुचतो आणि त्याचे उत्तर मित्राने काय घेतले यावरून ठरते. पंढरपूर तालुक्यातील करकंब हे गाव डोळ्यांसमोर ठेवून आम्ही या प्रश्नाकडे पाहणार आहोत. ऊस, द्राक्षे व डाळिंब यांच्या पट्ट्यातील या गावाच्या मुलामुलींना पदवीसाठी पंढरपूर गाठावे लागते, नाहीतर सोलापूरला खोली घेऊन किंवा वसतिगृहात राहावे लागते. शिक्षणाला लागणारा पैसा हा बहुधा शेतीच्या एका हंगामाचा असतो. त्यामुळे निवड चुकली तर केवळ एक वर्ष वाया जाते असे नाही.

प्रथम रचना समजून घेऊ. सोलापूर विद्यापीठ २००४ साली स्थापन झाले. त्यापूर्वी जिल्ह्यातील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. जुन्या पद्धतीत पहिल्या वर्षी अनेक विषय असत, दरवर्षी एकेक विषय गळत जाई आणि तिसऱ्या वर्षी एकच 'स्पेशल' विषय उरे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांत मेजर म्हणजे मुख्य विषय व मायनर म्हणजे जोडविषय अशी रचना आली. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स मिळविता येते. पहिल्या वर्षी साधारणतः तीन विषय शिकावयाचे आणि मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या आरंभी ठरवावयाचा, असा सर्वसाधारण क्रम आहे. थोरल्या भावंडांचा अनुभव येथे फारसा उपयोगी पडणार नाही. महाविद्यालयाचे माहितीपत्रक स्वतः वाचलेले बरे.

आता विषयांकडे वळू. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र व जैवतंत्रज्ञान ही नावे फलकावर निरनिराळी दिसतात. त्यांच्यातील भेद व नाते समजण्यासाठी पुस्तकापेक्षा डाळिंबाची बाग अधिक उपयोगी पडेल. बागायतदार ज्याला 'तेल्या' म्हणतात तो रोग एका जिवाणूमुळे होतो. पानांवर व फळांवर तेलकट डाग पडतात, पुढे फळ तडकते. पावसाच्या थेंबांबरोबर हा जिवाणू झाडावरून झाडावर जातो आणि रोगट झाडाच्या गुटीबरोबर नव्या बागेतही पोहोचतो. जिवाणू ओळखणे, तो प्रयोगशाळेत वाढविणे, कोणत्या औषधाला तो दाद देतो हे पाहणे हे सूक्ष्मजीवशास्त्राचे काम. त्याच बागेत 'मर' लागते, झाड पिवळे पडून वाळते. तिच्यामागे बहुधा बुरशी असते, आणि बुरशीचा अभ्यास परंपरेने वनस्पतिशास्त्रात केला जातो. मुळांना इजा करून बुरशीला वाट करून देणारे सूत्रकृमी आणि खोडाला बारीक छिद्रे पाडणारे भुंगेरे प्राणिशास्त्राच्या वाट्याला येतात. आणि रोगमुक्त रोपे हवीत म्हणून बाटलीत, निर्जंतुक वातावरणात वाढविलेली 'भगवा' जातीची ऊतिसंवर्धित रोपे बागायतदार विकत आणतो, ते जैवतंत्रज्ञानाचे क्षेत्र. एकाच झाडापाशी हे चारही विषय उभे आहेत! सोलापूरजवळ केगाव येथे २००५ पासून डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र कार्यरत झाले, ते याच प्रश्नांसाठी.

साखर कारखान्यातही हेच दिसते. तोडलेला ऊस शिळा झाला की जिवाणू त्यातील साखर खाऊ लागतात, रस चिकट होतो आणि उतारा घटतो. मळीपासून इथेनॉल तयार होते ते यीस्ट या एकपेशीय बुरशीच्या जोरावर. पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये मद्यार्क तंत्रज्ञानाचे पुढील शिक्षणही मिळते. सूक्ष्मजीवशास्त्र म्हणजे केवळ रक्त-लघवीची तपासणी, हा आपल्याकडील समज त्यामुळे दूर व्हावा. शिवाय ही पदवी म्हणजे पॅथॉलॉजी लॅब चालविण्याचा परवाना नव्हे. तपासणीच्या अहवालावर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही असावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केले आहे. स्वतःची लॅब काढण्याच्या एकमेव हेतूने हा विषय घेणाऱ्यांनी हे आधीच जाणून घ्यावे.

प्राणिशास्त्राला आज 'जुना विषय' म्हणून नाक मुरडले जाते. आम्हांस ते पटत नाही. उजनीच्या जलाशयातील मासळी व तेथे उतरणारे रोहित पक्षी, नान्नजचे १९७९ साली घोषित झालेले आणि आता पक्षी जवळजवळ दिसेनासा झालेले माळढोक अभयारण्य, तुतीवरील रेशीम किडे, पिकांवरील किडी हा सारा या विषयाचा प्रदेश आहे आणि तो आपल्याच जिल्ह्यात आहे.

वनस्पतिशास्त्राबद्दलही 'फुलझाडांचा अभ्यास' असे सहज बोलले जाते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील येशूसंघीय धर्मगुरू फादर सांतापाव यांचे नाव या संदर्भात आपल्या वाचकांना ठाऊक असावे. खंडाळ्याच्या डोंगरांतील वनस्पतींची त्यांनी बारकाईने नोंद केली, पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले आणि १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. फुलझाडे पाहत हिंडणाऱ्या माणसाची ही वाटचाल आहे.

तथापि आवडीइतकेच महत्त्व कोणती दारे उघडी राहतात व कोणती बंद होतात यास द्यावे लागते. याविषयी प्रवेशाच्या वेळी क्वचितच कोणी बोलते, म्हणून येथे थोडे सविस्तर सांगतो. भारतीय वन सेवेच्या परीक्षेसाठी पदवीला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, भूशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, पशुवैद्यक यांपैकी किमान एक विषय असावा लागतो. अथवा कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी चालते. या यादीत सूक्ष्मजीवशास्त्र व जैवतंत्रज्ञान यांची नावे नाहीत. शिक्षकी पेशाचेही असेच आहे. अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकविले जाते, त्यात वनस्पती व प्राणी दोन्ही येतात. केंद्रीय विद्यालयांच्या भरतीत सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानात एम. एस्सी. केलेल्यांनाही पदवीला वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र शिकल्याची अट घातली गेली आहे. कृषी अधिकारी व्हावयाचे असेल, तर मात्र वनस्पतिशास्त्राची बी. एस्सी. उपयोगाची नाही, त्यासाठी कृषीची स्वतंत्र पदवी लागते, तिचा प्रवेश सीईटीमधून होतो आणि आपल्या भागात ती राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कक्षेत येते. बागायतदाराच्या घरातील मुले या दोन पदव्या एकच समजतात आणि तिसऱ्या वर्षी निराश होतात.

म्हणून आमचे मत असे की, ज्याचे निश्चित ठरलेले नाही त्याने पहिल्या वर्षी वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र व रसायनशास्त्र हे तीन विषय घ्यावेत. सूक्ष्मजीवशास्त्राचीच ओढ असेल, तर रसायनशास्त्र तरी सोडू नये. जोडविषय म्हणून ते सोबत राहू द्यावे. एम. एस्सी. ला जीवरसायनशास्त्राकडे किंवा औषधनिर्मितीच्या कारखान्यातील गुणवत्ता तपासणीकडे वळायचे झाल्यास तेच कामी येते.

जैवतंत्रज्ञानाची 'एन्टायर' पदवी हा वेगळा मामला आहे. तेथे पहिल्या दिवसापासून एकच वाट असते, मागे फिरणे कठीण. अनेक ठिकाणी ही तुकडी विनाअनुदानित असते व शुल्क अनुदानित विषयांपेक्षा बरेच अधिक असते. आणि केवळ बी. एस्सी. वर या क्षेत्रात समाधानकारक काम मिळणे अवघड, एम. एस्सी. पर्यंत जाण्याची तयारी व तेवढे पैसे असतील तरच हा विचार करावा. नाव मोठे म्हणून कर्ज काढू नये, असे आम्ही स्पष्टपणे सुचवितो. जैवतंत्रज्ञानाचे दार वनस्पतिशास्त्राच्या पदवीनंतरही अनेक विद्यापीठांत उघडे असते.

महाविद्यालय पाहावयास जाल तेव्हा प्रयोगशाळेत जरूर डोकवावे. सूक्ष्मदर्शके किती आहेत व एका सूक्ष्मदर्शकावर किती विद्यार्थी बसतात, निर्जंतुकीकरणाचे यंत्र चालू आहे की झाकून ठेवले आहे, विभागात कायम प्राध्यापक किती, मागील वर्षी विद्यार्थी सहलीला कोठे गेले होते, हे विचारण्यास संकोच करू नये. गावाहून एस. टी. ने ये-जा करणाऱ्या मुलींनी प्रात्यक्षिकांची वेळही विचारून घ्यावी, कारण विज्ञानाची प्रात्यक्षिके दुपारी उशिरापर्यंत चालतात आणि शेवटची सोयीची गाडी त्याआधीच निघून जाते. मुख्य विषय लेखी देण्याची मुदत कोणती आणि एकदा दिलेला विषय बदलता येतो का, हे कार्यालयातून लिहून घ्यावे. त्याच विभागाच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या दोघा-तिघा विद्यार्थ्यांशी, शिक्षक जवळ नसताना, अर्धा तास बोलावे.