देवलांची रूपांतरे आणि ‘शारदा’

गोविंद बल्लाळ देवल यांच्या नावावर सात नाटके आहेत. त्यांपैकी सहा अन्य कृतींवर आधारलेली असून ‘संगीत शारदा’ हे एकच स्वतंत्र आहे. यावरून देवल मूलतः रूपांतरकार होते आणि ‘शारदा’ हा त्यांच्या लेखनातील अपवाद होय, असा निष्कर्ष सहज निघतो. प्रस्तुत लेखात तो तपासून पाहावयाचा आहे.

देवलांचा जन्म 1855 साली सांगलीनजीक कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर येथे झाला. बेळगावच्या शाळेत त्यांना अण्णासाहेब किर्लोस्कर शिक्षक म्हणून लाभले. किर्लोस्करांनी 1880 मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि पुढे देवलही त्यांच्या मंडळीत आले. नट व नाट्यशिक्षक या नात्याने आलेल्या अनुभवामुळे संवाद नटाच्या मुखातून कसा उतरतो याचे त्यांना नेमके भान होते.

‘मृच्छकटिक’ व ‘विक्रमोर्वशीय’ ही संस्कृत नाटकांवरून, ‘शापसंभ्रम’ बाणभट्टाच्या ‘कादंबरी’वरून, तर ‘दुर्गा’, ‘झुंझारराव’ व ‘संशयकल्लोळ’ ही इंग्रजी नाटकांवरून रचलेली आहेत. ‘झुंझारराव’च्या मुळाशी शेक्सपिअरचे ‘ऑथेल्लो’ आहे. ‘संशयकल्लोळ’ आर्थर मर्फीच्या नाटकावर बेतलेले असून मर्फीच्याही मागे मोलिएर आहे. देवलांनी मात्र त्यातील पात्रांना फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेट, रेवती अशी महिन्यांची व नक्षत्रांची नावे देऊन ते पूर्णतः मराठी करून टाकले. परक्या समाजातील घटना आपल्या समाजात घडवावयाची तर तिला इथल्या रूढीत पटेल असे कारण शोधावे लागते. रूपांतरकाराची खरी कसोटी येथेच लागते.

हीच दृष्टी ‘शारदे’त आढळते. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने महाराष्ट्रात मोठे वादळ उठविले होते. त्यानंतर आठ वर्षांनी, 1899 मध्ये, किर्लोस्कर नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. द्रव्यलोभी कांचनभट आपली मुलगी वृद्ध भुजंगनाथास देऊ करतो. हा विवाह मोडतो तो वराच्या वयामुळे नव्हे, तर वधूवर सगोत्र असल्याचे कोदंड उघड करतो म्हणून. सुधारकी युक्तिवाद जेथे निष्प्रभ ठरला असता, तेथे सनातन्यांना मान्य असलेले शास्त्रच त्यांच्या आड येते. रूढीला रूढीच्याच भाषेत निरुत्तर करणारी ही योजना रूपांतरकाराच्या तालमीत घडलेल्या नाटककाराचीच आहे.

तथापि तिची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. गोत्र वेगळे असते तर काय झाले असते? मुलीचा स्वतःचा नकार विवाह थांबविण्यास पुरेसा आहे, असे हे कथानक म्हणत नाही. शारदेचे दुःख प्रेक्षकांना पदांतून पुरेपूर जाणवते, पण निर्णय तिच्या हाती येत नाही.

1929 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यास ‘शारदा कायदा’ म्हणत. ते नाव हरबिलास सारडा यांच्यावरून पडले. नाटकाशी त्याचा संबंध केवळ नामसाम्याचा आहे. तरीही मराठी मनात ही दोन नावे एकत्र आली, यावरून नाटकाचा प्रभाव ध्यानी येतो.

देवलांचे निधन 1916 साली झाले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने ‘संशयकल्लोळ’ संगीत रूपात सादर केले. त्यांच्या रूपांतरांना ‘शारदे’च्या सावलीत ठेवण्याऐवजी त्यांच्यासह ‘शारदा’ वाचली, तर तिचे सामर्थ्य आणि तिची अडचण दोन्ही अधिक स्पष्ट होतात.