एक कार्ड, सात वाटेकरी

"टीचर, भिशी उचलू का?" शाळा सुटताना बोईसरच्या एका पालकांनी मला विचारले. तारापूर एमआयडीसीत शिफ्टची नोकरी, घरात तीन मुले. थोरली बीएस्सीला आहे, एआय शिकते. क्लासवाल्यांनी बजावले होते, की घरी ग्राफिक्स कार्डाचा महागडा लॅपटॉप नसेल तर पुढचे जमणार नाही. भिशी उचलली, तर धाकट्याची फी अडणार होती. मी दोन दिवस मागून घेतले. मलाही त्यातले फारसे कळत नव्हते. मग पालघरच्या एका जुन्या विद्यार्थ्याला गाठले.

ग्राफिक्स कार्ड हजारो छोटी गणिते एकाच वेळी करते. पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांसाठी ते बनले, पण एआयलाही तसलीच गणिते लागतात. मात्र शिकणाऱ्याला ते दिवसातून तास-दोन तासच हवे असते. म्हणून एका मोठ्या संगणकात सॉफ्टवेअरने अनेक आभासी संगणक तयार करतात आणि कार्ड त्यांच्यात वाटतात. तारापूरच्या अणुकेंद्रातून 1969 पासून वीज येते, म्हणून आपण घरोघर जनित्र बसवत नाही, तसेच हे.

वाटणीच्या रीती वेगवेगळ्या. अख्खे कार्ड एकालाच दिले, तर बाकीचे रिकामे बसतात. दुसरी रीत एकत्र कुटुंबातल्या स्वयंपाकघरासारखी: शेगडी एक, ती पाळीने वापरायची, पण प्रत्येक जावेचे कपाट वेगळे. शेगडी म्हणजे गणिताची ताकद, कपाट म्हणजे मेमरी. कार्ड 16 जीबीचे आणि वाटेकरी चार, तर प्रत्येकाला 4 जीबी. पाळ्या इतक्या झटपट बदलतात, की कळतही नाही. तिघे स्वस्थ असले, तर चौथ्याचे काम वेगाने होते, पण त्यांची कपाटे त्याला उघडता येत नाहीत. त्याचे काम 4 जीबीत मावले नाही, तर ते अडतेच. इथेच पुष्कळांची फसगत होते.

2020 साली एनव्हिडियाच्या ए-100 कार्डात शेगडीही विभागली गेली. 40 जीबीच्या त्या एका कार्डाचे प्रत्येकी 5 जीबीचे सात स्वतंत्र भाग होतात आणि एकाचे काम बिघडले तरी शेजाऱ्याला झळ लागत नाही. पुण्याच्या सी-डॅकमधला 'परम सिद्धी-एआय' याच कार्डांवर चालतो. नोव्हेंबर 2020 च्या जागतिक यादीत तो 63 वा होता.

आपल्या शाळेच्या लॅबमध्ये एक कार्ड घेऊन दहा मुलांना वाटावे, असे माझ्याही मनात आले. पण एनव्हिडियाची ही सोय सर्व्हरच्या नि व्यावसायिक कार्डांसाठी आहे, घरगुती कार्डांना नाही. पाळीच्या वाटणीला परवान्याचे पैसे वेगळे. हिशेब मांडला आणि वही मिटली.

त्या मुलीसाठी मात्र वाट निघाली. गूगलच्या कोलॅबवर साध्या संगणकावरूनही काही वेळ कार्ड जोडलेले आभासी यंत्र मोफत वापरता येते. कार्ड मिळेलच अशी हमी नाही. वेळ संपली की त्या यंत्रावरचे सगळे जाते, म्हणून काम ड्राइव्हवर जपून ठेवावे लागते. हे तिला पहिल्याच आठवड्यात रडून कळले.

भिशी तशीच आहे. धाकट्याची फी भरली. परवा रात्री तिला कार्ड मिळाले नाही. फजरनंतर अब्बूंच्या जुन्या लॅपटॉपवर पुन्हा बसली, तेव्हा मिळाले.