विश्लेषण : सेकंड हँड कारचे इंजिन ऑइल नेमके कधी बदलायचे?

सेकंड हँड कार घेताना टायर, पत्रा, एसी, विमा असे सगळे पाहिले जाते. इंजिन ऑइलच्या बाबतीत मात्र अनेक खरेदीदार काचेच्या कोपऱ्यात चिकटवलेल्या सर्व्हिस स्टिकरवर विसंबून राहतात. स्टिकरवर ‘पुढील सर्व्हिस ६५,००० किमी’ असे लिहिलेले असते, मीटरवर ६२,००० दिसतात आणि ‘अजून ३ हजार किलोमीटर हातात आहेत’ असा हिशेब मांडला जातो. ऑइल बदलायला काही हजार रुपये लागतात. पण खराब ऑइलवर गाडी चालवत राहिल्याने इंजिन उघडायची वेळ आली, तर बिल ५० हजारांच्या पुढे सहज जाते. म्हणूनच हा हिशेब कसा करायचा, ते समजून घेऊ.

स्टिकरवर विश्वास का ठेवू नये?

स्टिकर काही गोष्टी गृहीत धरतो. त्या दिवशी ऑइल खरोखर बदलले होते, योग्य दर्जाचे टाकले होते, सोबत फिल्टरही बदलला होता आणि मीटरचा आकडा खरा आहे. नव्या गाडीच्या पहिल्या मालकाला हे सगळे माहीत असते. दुसऱ्या मालकाला यातले काहीच माहीत नसते.

शिवाय स्टिकरवर तारीखही असते आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. समजा, वरच्या उदाहरणातली शेवटची सर्व्हिस १४ महिन्यांपूर्वी झाली आहे. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत ‘इतके किलोमीटर किंवा इतके महिने, यापैकी जे आधी होईल ते’ असा नियम असतो. मुदत १ वर्षाची असेल, तर ३ हजार किलोमीटर शिल्लक असूनही हे ऑइल २ महिन्यांपूर्वीच बाद झालेले आहे. विक्रीला काढलेली गाडी अनेकदा आधी मालकाच्या पार्किंगमध्ये आणि मग डीलरच्या आवारात उभी असते. तेवढ्या काळात किलोमीटर वाढत नाहीत, महिने मात्र वाढतात.

उभ्या गाडीतले ऑइल कसे खराब होते?

ऑइलचे काम फक्त घर्षण कमी करण्याचे नाही. ते पिस्टन आणि बेअरिंगची उष्णता वाहून नेते, काजळी स्वतःत धरून ठेवते, धातूला गंज लागू देत नाही आणि पिस्टन रिंगच्या फटीतून होणारी गळती कमी करते. यासाठी मूळ तेलात अनेक रसायने मिसळलेली असतात. काही रसायने मळ साफ करतात, काही इंधन जळताना तयार होणारे आम्ल मारतात, काही धातूवर संरक्षक थर धरतात. ही रसायने वापरात हळूहळू संपत जातात.

गाडी उभी असली तरी इंजिनात आधीच साठलेला ओलावा, आम्ल आणि न जळलेले इंधन ऑइलमध्येच राहते. अधूनमधून पाच मिनिटे स्टार्ट करून बंद केली, तर परिस्थिती आणखी बिघडते. इंजिन पुरेसे तापत नाही आणि पाण्याची वाफ बाहेर पडण्याऐवजी आतच थंड होऊन ऑइलमध्ये उतरते.

१० हजार किलोमीटर सगळ्यांसाठी सारखेच का नसतात?

भारतातल्या अनेक कारसाठी १० हजार किलोमीटर किंवा १ वर्ष अशी मुदत असते. काही मॉडेलसाठी ती १५ हजारांपर्यंत जाते. पण इंजिन चालते ते तासांत आणि मीटर मोजतो किलोमीटर.

साधे गणित करू. महामार्गावर सरासरी ताशी ५० किलोमीटर वेगाने १० हजार किलोमीटर कापायला इंजिन २०० तास चालते. शहरातल्या कोंडीत सरासरी वेग २० वर आला, तर तेवढ्याच अंतरासाठी ते ५०० तास चालते. म्हणजे आकडा तोच, पण ऑइलची मेहनत अडीचपट. रोज कात्रज ते हिंजवडी किंवा घोडबंदर रोडने ये-जा करणारी गाडी आणि महिन्यातून दोनदा समृद्धी महामार्गाने नागपूरला जाणारी गाडी यांना एकच मुदत लावणे म्हणूनच चुकीचे ठरते.

पुस्तिकेत ‘खडतर वापर’ अशा अर्थाचे एक स्वतंत्र पान असते. सतत थांबत-चालत होणारा प्रवास, इंजिन तापण्याआधीच संपणारे छोटे पल्ले, धुळीचे रस्ते, घाट आणि जास्त भार या गोष्टी त्यात येतात. अशा वापरासाठी अनेक पुस्तिकांमध्ये ऑइलची मुदत जवळपास निम्म्यावर आणलेली असते. मुंबई-पुण्यातल्या बहुतेक गाड्यांचा रोजचा वापर याच पानात बसतो.

ऑइल काळे झाले म्हणजे बाद झाले का?

नाही. डिझेल इंजिनात नवे ऑइल टाकल्यावर काही दिवसांतच ते काळे होते, कारण ते काजळी धरून ठेवण्याचे आपले काम करत असते. उलट सीएनजी गाडीत ऑइल बराच काळ स्वच्छ दिसते, कारण सीएनजी जळताना काजळी फार कमी होते. पण उष्णतेमुळे त्या ऑइलचा कसही उतरतच असतो. त्यामुळे ‘सीएनजी आहे, ऑइल अजून सोनेरी आहे, वर्षभर बघायला नको’ हा समज महागात पडू शकतो.

सोनेरी ऑइलचा दुसराही धोका आहे. गाडी दाखवण्याच्या आदल्या दिवशी फक्त ऑइल बदलून डिपस्टिक चकचकीत करता येते. म्हणून इंजिन थंड असताना ऑइल भरण्याचे वरचे झाकण उघडा आणि मोबाइलच्या टॉर्चने आत पाहा. धातूवर पातळ तपकिरी छटा असेल तर काळजी नाही. डांबरासारखा जाड, चिकट थर असेल तर ऑइल वर्षानुवर्षे उशिरा बदलले गेले आहे, हे समजावे. डिपस्टिकवरचे ताजे ऑइल हा थर लपवू शकत नाही.

रंगापेक्षा तीन खुणा महत्त्वाच्या आहेत. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ किंवा कॉफीसारखे दिसत असेल, तर त्यात कूलंट किंवा पाणी मिसळत असण्याची शक्यता असते आणि हेड गॅस्केट तपासावे लागते. फक्त झाकणाखाली थोडा पांढरट फेस असेल, तर तो छोट्या पल्ल्यांमुळे जमलेला ओलावाही असू शकतो. पेट्रोल किंवा डिझेलचा तीव्र वास येत असेल, तर इंधन ऑइलमध्ये उतरते आहे. आणि पातळी दर हजार किलोमीटरला स्पष्ट खाली जात असेल, तर ऑइल गळते आहे किंवा जळते आहे. या तिन्ही बाबतीत नुसते ऑइल बदलून प्रश्न सुटत नाही.

मग पहिला बदल कधी करायचा?

याचे उत्तर मीटरवर नाही, पुराव्यावर ठरते. गेल्या काही महिन्यांतले सर्व्हिसचे बिल आहे, त्यावर ऑइलचा ग्रेड आणि फिल्टर या दोन्हींची नोंद आहे आणि बिलावरचे किलोमीटर आजच्या मीटरशी जुळतात, असे असेल तर पुढच्या ठरलेल्या मुदतीपर्यंत थांबायला हरकत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे गाडीच्या नोंदणी क्रमांकावर जुन्या सर्व्हिसची माहिती असते. व्यवहार ठरण्याआधी ती विक्रेत्यालाच काढून आणायला सांगा.

यातला एकही दुवा नसेल, तर गाडी ताब्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. तो दिवस आणि तो आकडा हीच तुमच्या गाडीची सुरुवात धरा.

गाडी डीलरकडून घेतली असेल, तर आणखी एक गोष्ट मागता येते. नोंदणीकृत गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या अधिकृत डीलरसाठी केंद्र सरकारने केलेले नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यानुसार डीलरने आपल्या ताब्यातील गाडीच्या प्रत्येक फेरीची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवणे अपेक्षित आहे. गाडी त्याच्याकडे किती काळ होती आणि किती फिरली, याचा अंदाज त्यावरून येतो.

‘जुनी गाडी आहे, जाड ऑइल टाका’ हा सल्ला बरोबर आहे का?

गॅरेजमध्ये हे वाक्य हमखास ऐकू येते. ५डब्ल्यू-३० या ग्रेडमधला डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते ते सांगतो, तर दुसरा आकडा इंजिन तापल्यावरचा जाडपणा दाखवतो. अलीकडच्या अनेक पेट्रोल इंजिनांसाठी ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० इतके पातळ ऑइल सांगितलेले असते. त्यांचे ऑइलचे मार्ग आणि ऑइलच्या दाबावर चालणारी व्हॉल्व्हची यंत्रणा त्याच हिशेबाने बनवलेली असते.

निळा धूर किंवा आवाज दाबण्यासाठी जाड ऑइल टाकले, तर दोष काही काळ लपतो, पण झिजलेली रिंग किंवा सील दुरुस्त होत नाही. पुस्तिकेत तापमानानुसार एकापेक्षा जास्त ग्रेड दिलेले असतील, तर त्यातला जाड ग्रेड निवडता येतो. त्या यादीबाहेर जाऊ नये.

ग्रेडइतकाच दर्जाही महत्त्वाचा. डब्यावर ‘एपीआय’ या शब्दापुढे असलेली अक्षरे तो दर्जा सांगतात. पेट्रोल इंजिनांसाठीचा ‘एसएन’ हा दर्जा २०१० मध्ये आला, तर ‘एसपी’ २०२० मध्ये. नवा दर्जा जुन्या गाडीत चालतो. नव्या गाडीत जुना दर्जा टाकू नये.

बीएस-६ डिझेल घेतली असेल तर?

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांमुळे डिझेल कारच्या एक्झॉस्टमध्ये काजळी पकडणारा फिल्टर आला. त्याला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळण्यासाठी इंजिन काही काळ जास्तीचे डिझेल सोडते. महामार्गावर ही प्रक्रिया पूर्ण होते. शहरात गाडी मध्येच बंद केली जाते, प्रक्रिया अर्धवट राहते आणि काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइल चेंबरमध्ये उतरते.

मग डिपस्टिकवरची पातळी कमी होण्याऐवजी वाढते. ‘ऑइल भरपूर आहे’ म्हणून खूश होण्याची ही वेळ नाही. ते पातळ झालेले ऑइल आहे आणि मिनिटाला १ लाखाहून अधिक फेरे घेणारा टर्बो त्याच्याच भरवशावर फिरत असतो. पातळी कमाल खुणेच्या वर गेली असेल, तर मुदत कितीही शिल्लक असली तरी ऑइल बदलावे. या गाड्यांना कमी राख तयार करणारे ऑइलच लागते. साधे डिझेल ऑइल टाकल्यास त्याची राख डीपीएफमध्ये साठत जाते. काजळी जळते, पण राख जळत नाही.

इंजिन फ्लश करावे का?

झाकणाखाली जाड थर दिसल्यावर अनेकजण इंजिन फ्लश करून घ्यायला सांगतात. वर्षानुवर्षे जमलेला थर रसायनाने एकदम सुटला, तर त्याचे तुकडे चेंबरमधल्या ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतात. जाळी तुंबली की ऑइलचा दाब पडतो. त्यापेक्षा पुस्तिकेत सांगितलेले चांगले ऑइल टाकून पहिले एक-दोन बदल लवकर, म्हणजे २ ते ३ हजार किलोमीटरवर करणे अधिक सुरक्षित. ऑइलमधली साफ करणारी रसायने हा थर हळूहळू उतरवतात. थर फारच जाड असेल, तर चेंबर खोलून जाळी साफ करून घ्यावी.

लाल दिवा लागला तर?

डॅशबोर्डवरचा तेलाच्या किटलीसारखा लाल दिवा ‘ऑइल बदलायची वेळ झाली’ असे सांगत नाही. ऑइलचा दाब पडला आहे, असा त्याचा अर्थ असतो. गाडी सुरक्षितपणे बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करावे. ‘गॅरेज दोन किलोमीटरवरच आहे’ म्हणून चालवत नेल्यास तेवढ्यात बेअरिंग जाऊ शकतात. सर्व्हिसची आठवण करून देणारे चिन्ह सहसा पान्याचे असते. तेही आधीच्या मालकाने कधी रीसेट केले, हे आपल्याला माहीत नसते.

ऑइल बदलताना काय पाहावे?

शक्य असेल तर समोर उभे राहून काम करून घ्या. सीलबंद डबा आपल्यासमोर उघडायला सांगा. रिकामा डबा नकली ऑइल भरण्यासाठी वापरला जाऊ नये म्हणून तो कापून टाका. फिल्टर बदललाच पाहिजे. जुना फिल्टर तुंबला की त्यातला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळताच इंजिनात फिरते. चेंबरच्या नटाचा वॉशरही नवा टाकावा.

ऑइल पुस्तिकेत दिले आहे तेवढेच भरावे. जास्त भरलेले ऑइल फेसाळते आणि फेस वंगणाचे काम करत नाही. काम झाल्यावर इंजिन थोडा वेळ चालवून बंद करा, पाच-दहा मिनिटे थांबा आणि सपाट जागेवर डिपस्टिक पाहा. पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ हवी.

निघालेले जळके ऑइल गटारात किंवा जमिनीवर ओतू देऊ नका. कायद्याने ते घातक कचरा मानले जाते आणि अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडेच जायला हवे.

शेवटी बिल घ्या. त्यावर तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड आणि फिल्टर या चारही नोंदी असू द्या आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवा. डीलरने वॉरंटी दिली असेल, तर दावा करताना हीच नोंद विचारली जाते. पुढच्या बदलाची तारीख कॅलेंडरमध्ये टाका आणि दर हजार किलोमीटरला एकदा डिपस्टिक पाहा. उद्या हीच गाडी तुम्ही विकायला काढाल, तेव्हा घेणाऱ्याला स्टिकरवर विसंबून राहावे लागणार नाही.